बिवाकाठचा ऑगस्ट: सासूबाई, अकरा वर्षांचा मुलगा आणि चार दिवस

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझ्या समजण्यात चूक असेल तर लगेच कळेल. यजमानांचं ओसाकात काम आहे, त्याला जोडून चार दिवस सुट्टी मिळतेय. क्योतोतल्या हॉटेलांचे भाव बघून डोळे पांढरे झाले, तेव्हा कुणीतरी शेजारचं ओत्सू सुचवलं. तारखांचे पर्याय दोन: 6 ते 9 ऑगस्ट किंवा 15 ते 18 ऑगस्ट. बरोबर सत्तरीच्या, शुद्ध शाकाहारी सासूबाई आणि अकरा वर्षांचा मुलगा. त्याला तळ्यावरची आतषबाजी बघायचीच आहे. आणि तुम्ही विचारताय, ‘ओत्सूत चार दिवस पुरेल एवढं बघायला आहे का, आणि कुठल्या तारखा घेऊ?’

मी गेली 17 वर्षं ओत्सूत राहते. पुण्यात जपानी शिकले, दुभाषी म्हणून इकडे आले आणि हळूहळू लोकांना फिरवण्याचं काम अंगवळणी पडलं. त्यात मराठी घरं बरीच असतात, त्यामुळे तुमच्यासारखं कुटुंब माझ्या ओळखीचं आहे असं समजा.

बघायला पुरेल का, याचं उत्तर दोन शब्दांत देते: भरपूर आहे. पण तुमची खरी अडचण ती नाहीच. खरी अडचण ऊन आहे. इथला ऑगस्ट म्हणजे मुंबईची ऑक्टोबर हीट, आणि तीही वारा पडलेली. पारा 33-34 वर असतो आणि हवा ओलीचिंब. सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात सत्तरीच्या बाईंना देवळाच्या पायऱ्या चढायला लावल्या, तर दुसऱ्या दिवशी त्या खोलीबाहेर पडणार नाहीत, आणि चूक त्यांची नसेल. त्यामुळे ओत्सूचा विचार ठिकाणांच्या यादीवरून करू नका, घड्याळावरून करा. पहाटे पाच ते साडेनऊ आणि संध्याकाळी पाच ते नऊ, एवढाच दिवस तुमचा. मधला वेळ झोपेचा, एसीचा, नाहीतर डोंगरमाथ्याचा.

इथे ओत्सूची ठेवण तुमच्या मदतीला येते. शहर बिवा तळ्याच्या दक्षिण टोकाला आणि पश्चिम काठाला चिकटून लांबट पसरलंय. मागे डोंगर, समोर पाणी. तळं पूर्वेला असल्यामुळे सूर्य उगवतो तो पाण्याच्या बाजूने. तळ्याकाठचा सूर्यास्त बघायचा बेत करून लोक येतात आणि चुकचुकतात. इथे सूर्य हिएइच्या डोंगरामागे जातो, आणि त्याचाच फायदा असा की संध्याकाळी काठावर सावली जरा लवकर उतरते. ऑगस्टमध्ये पाचच्या सुमारास उजाडतं. हामा-ओत्सूच्या धक्क्यापासून नागिसा बागेत चालत निघा. पाणी काचेसारखं असतं, गळ टाकून बसलेले आजोबा असतात, आणि सगळा पलीकडचा काठ नारिंगी होतो. सासूबाईंना पहाटे उठायची सवय असणारच. त्यांच्यासाठी चार दिवसांतली सर्वांत चांगली वेळ बहुधा हीच ठरेल, आणि तिला तिकीटही नाही.

तळ्याचा अंदाज यावा म्हणून सांगते: सुमारे 670 चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईपेक्षा मोठं. सर्वांत खोल जागी 104 मीटर. चाळीस लाख वर्षांहून जुनं, जगातल्या मोजक्या प्राचीन तळ्यांपैकी एक. शंभराहून जास्त नद्या यात येतात आणि नैसर्गिकपणे बाहेर पडते ती एकच, सेता. तीच पुढे उजी, मग योदो होऊन ओसाकाच्या खाडीला मिळते. क्योतो-ओसाकाकडचे सव्वा कोटीहून जास्त लोक हेच पाणी पितात. यजमान ओसाकात जो चहा पितील, तोही याच पाण्याचा.

आता तारखा. हे थोडं तुमच्या स्वभावावर अवलंबून आहे, म्हणून दोन्ही बाजू सांगते.

6 ते 9 घेतलेत तर बिवा तळ्याची मोठी आतषबाजी मिळण्याची शक्यता आहे. ती बहुतेक वर्षी 8 ऑगस्टच्या आसपास असते. नक्की तारीख त्या वर्षी तपासूनच तिकिटं काढा. तासाभरात सुमारे 10,000 दारूकाम उडतं. आकाशातलं आपण कुठेही बघतो. इथली खरी मजा पाण्यावर फुटणाऱ्या दारूकामाची. ते पाण्याच्या पातळीवरच फुटतं, त्यामुळे पंख्यासारखं अर्धंच फूल उमलतं, आणि उरलेलं अर्धं प्रतिबिंबात पुरं होतं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझ्या तोंडून ‘अगं आई गं’ निघालं, आणि शेजारच्या जपानी बाईंनी ते कौतुकच आहे हे बरोबर ओळखलं.

पण गर्दी! काही लाख माणसं एका संध्याकाळी या छोट्या शहरात उतरतात. काठावरच्या चांगल्या जागा तिकिटाच्या. 2023 साली तर तिकिटाच्या भागाभोवती उंच आडोसा उभारला होता, आणि इथल्याच रहिवाशांनी या सगळ्या पसाऱ्याला जाहीर विरोध केला होता. माझी स्वतःचीच एक चूक सांगते. एका वर्षी ठाण्याहून आलेल्या पाच जणांना मी म्हटलं होतं, ‘संपलं की दहा मिनिटांत गाडीत बसू.’ स्टेशनबाहेर दोरी लावून लोकांना तुकड्यातुकड्यांनी आत सोडत होते. फलाटावर पोचायला दोन तास लागले. त्यांतल्या एक काकू शेवटी रस्त्याच्या कडेला वर्तमानपत्र पसरून बसल्या आणि माझ्याकडे बघेनात. तेव्हापासून साठीच्या पुढचं कुणी बरोबर असलं, तर त्या रात्री काठावर नेत नाही. तरी बघायचंच असेल, तर समोरच्या कुसात्सूच्या बाजूने लांबून बघा. पाच किलोमीटरवरून फूल आधी दिसतं आणि धडाम आवाज पंधराएक सेकंदांनी येतो. मुलाला ध्वनीच्या वेगाचं गणित घालायला छान. आणि हो, त्या रात्री ओत्सूतली हॉटेलं क्योतोपेक्षा स्वस्त वगैरे काही राहत नाहीत.

15 ते 18 घेतलेत तर मोठी आतषबाजी हुकेल, पण दोन रात्री अशा मिळतील की मी तुमच्या जागी असते तर डोळे मिटून याच तारखा घेतल्या असत्या.

पहिली 16 तारखेची. ओबोन म्हणजे पितरांचे दिवस, आपल्या पितृपक्षाचे जवळचे नातेवाईक. या भागात ते 13 ते 16 ऑगस्टला पाळतात. पितर घरी येतात, आणि 16 ला त्यांना निरोप द्यायला क्योतोभोवतीच्या पाच डोंगरांवर आगी पेटवतात. रात्री आठ वाजता पूर्वेच्या डोंगरावर ‘मोठा’ या अर्थाचं प्रचंड अक्षर उजळतं, मग एकेक करत बाकीची. ओत्सूहून क्योतो जेआर रेल्वेने दहा मिनिटं, मधे एकच स्टेशन यामाशिना. कामो नदीच्या काठी उभं राहून बघायचं आणि झोपायला ओत्सूत परत यायचं. गर्दी असते, पण लोक गप्प असतात. ‘ओबोन’ हा शब्द ‘उल्लंबन’ या संस्कृत शब्दावरून आला असं सांगतात. सासूबाईंना हे आधी सांगून ठेवा, त्या वेगळ्या डोळ्यांनी बघतील.

दुसरी 17 तारखेची. ही बहुतेक परदेशी प्रवाशांना ठाऊकच नसते. सेता नदीकाठच्या ताकेबे ताइशा या देवस्थानाचा सेन्कोसाइ हा उत्सव. देव आहे यामातो ताकेरू, पुराणकथांतला पराक्रमी राजपुत्र. 1945 साली निघालेल्या जपानच्या पहिल्या हजार येनच्या नोटेवर तो आणि हे देऊळ होतं. त्याच्या पूर्वेकडच्या स्वारीतल्या समुद्रप्रवासाची आठवण म्हणून त्याची पालखी होडीत चढवतात आणि सेता नदीतून खाली नेऊन परत आणतात. सेताचा काराहाशी पूल किंवा नदीकाठ, कुठेही उभं राहता येतं. ढोल-बासरी पाण्यावरून ऐकू येते, पालखी डुलत पुढे सरकते, काठावर आजीच्या मांडीवर लहान पोरं पेंगत असतात. पंढरीच्या वाळवंटाशी तुलना करणार नाही, तेवढी माणसंच नसतात. पण गावचा देव नावेत बसून फिरायला निघालाय ही कल्पना मराठी माणसाला समजावून सांगावी लागत नाही. अंधार पडल्यावर आतषबाजीचाही कार्यक्रम ठेवतात. वेळापत्रक वर्षागणिक थोडं बदलतं, तेवढं आठवडाभर आधी बघून घ्या. मुलाला त्या मोठ्या आतषबाजीत पुढच्या माणसाची पाठ दिसली असती. इथे राख अंगावर पडेल.

15 ते 18 च्या विरुद्ध दोन मुद्दे आहेत, तेही प्रामाणिकपणे सांगते. ओबोनमध्ये अख्खा जपान गावी जात-येत असतो. शिनकान्सेनच्या, म्हणजे बुलेट ट्रेनच्या, नोझोमी गाड्या त्या काळात पूर्ण आरक्षित असतात, ऐन वेळी गेलात तर बसायला जागा मिळत नाही. आणि हे टायफूनचे दिवस. 2023 मध्ये 15 ऑगस्टलाच टायफून वाकायामाच्या टोकाला धडकला आणि या भागातल्या गाड्या आदल्या दिवशीच जाहीर करून बंद ठेवल्या. म्हणून तोक्योचा लांब प्रवास आणि परतीचं विमान एकाच दिवशी ठेवू नका. यजमानांचं काम ओसाकातच आहे, विमानही तिथूनच असेल तर ही चिंता निम्मी झाली.

दुपारचं काय करायचं? माझं उत्तर ठरलेलं असतं: हिएइ. डोंगर 848 मीटर उंच, वर पाचेक अंशांनी तरी गार. साकामोतो गावातून केबल रेल्वे वर जाते, 1927 साली सुरू झालेली, 2,025 मीटर लांब, जपानमधली सर्वांत लांब. अकरा मिनिटांत तुम्ही सुरूसारख्या उंच सुगी झाडांच्या सावलीत असता, आणि मागे वळून बघितलं की अख्खं तळं खाली. साकामोतोच्या स्टेशनपासून केबलपर्यंत चढ आहे. अंतर फार नाही, पण सासूबाईंसाठी टॅक्सी किंवा बस घ्या, तिथे कंजुसी नको.

वर एन्र्याकुजी आहे. साइचो या भिक्षूने 788 साली सुरू केलेला मठ. 1571 साली ओदा नोबुनागा या सरदाराने तो जाळला, नंतर पुन्हा उभा राहिला, आणि 1994 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. मुख्य देवळाची मोठी दुरुस्ती 2016 पासून चाललीय, त्यामुळे बाहेरून मनासारखा फोटो मिळेलच असं नाही. तरी आत जरूर जा. गाभाऱ्याची जमीन आपण बसतो त्याच्यापेक्षा बरीच खोल आहे, सुमारे तीन मीटर. त्या अंधाऱ्या खड्ड्यातून वर उठलेल्या चौथऱ्यावर मूर्ती आणि नंदादीप, म्हणजे देव आणि भक्त एका पातळीवर. दिवा 1,200 वर्षं तेवतोय असं मानतात. नोबुनागाच्या आगीत तो विझला होता, पण याच दिव्यावरून पूर्वी उत्तरेकडच्या यामादेरा या मठात नेलेली ज्योत परत आणून पुन्हा लावला. जपानीत ‘गाफीलपणा’ला ‘युदान’ म्हणतात, शब्दशः ‘तेल तुटणं’. तो शब्द या दिव्यावरूनच आला असं इथले लोक सांगतात. शब्दांचं मूळ पंडितांनी ठरवावं, मला गोष्ट आवडते.

सासूबाईंना आणखी एक दाखवा. इथे ‘गोमा’ नावाचा विधी असतो. अग्नीत समिधा टाकतात, मंत्र म्हणतात. गोमा म्हणजे आपला होम, शब्द तोच, चीनमार्गे आलेला. स्मशानातल्या लाकडी फळ्यांवर सिद्धम् लिपीतली अक्षरं असतात, देवनागरीची लांबची बहीण. मागे नाशिकच्या एका आजींनी चष्मा पुसून एक अक्षर ओळखलं होतं आणि दिवसभर ते प्रत्येकाला सांगत होत्या.

आता जेवण, कारण तुमच्या प्रश्नातला सर्वांत काळजीचा भाग तोच दिसला.

जपानमध्ये शाकाहाराचा शत्रू मांस नाही, दाशी आहे. दाशी म्हणजे बोनितो माशाचा किंवा सुक्या छोट्या माशांचा अर्क. भाजीत, आमटीत, सोबा शेवयांच्या रशात, अंड्याच्या गुंडाळीत, सगळीकडे तो असतो. स्वयंपाक्याला तो ‘मासा’ वाटतच नाही, जसं आपल्याकडे फोडणीतलं हिंग कुणी वेगळं सांगत नाही. एका मुक्कामाच्या ठिकाणी मी तीनदा फोन करून ‘मासा नको’ सांगितलं होतं. ताटात सुंदर वांगं आलं, आणि त्यावर माशाचे पातळ पापुद्रे वाफेने हलत होते. म्हणून वाक्य हे वापरा: ‘निकु तो साकाना, साकाना नो दाशी मो ताबेरारेमासेन.’ मांस, मासे आणि माशाची दाशीही चालत नाही. जपानीत लिहून मोबाइलमध्ये ठेवा आणि ऑर्डर देण्याआधी दाखवा, नंतर नको.

सासूबाईंसाठी खात्रीचा पर्याय म्हणजे मठातलं शोजिन जेवण. हिएइवर भक्तनिवासात दुपारचं मिळतं, आधी आरक्षण करावं लागतं. त्यात कांदा-लसूणही नसतो, म्हणजे चातुर्मास पाळत असतील तर तोही सांभाळला जाईल. तिळाचं गोमादोफू, आणि युबा. युबा म्हणजे सोयाबीनच्या दुधावरची साय, साकामोतो-हिएइकडची खासियत. त्यांना ‘दुधावरची साय’ म्हणून वाढा आणि गंमत बघा. मिइदेरा या देवळाच्या परिसरातली चिकारा-मोची, तांदळाची मऊ गोळी आणि वर भाजलेल्या सोयाबीनचं पीठ, तीही चालेल. ते पीठ, किनाको, आपल्या मेतकुटाचं गोड भावंड वाटतं. बाकी वेळी व्यवहारी राहा: दुकानात शिजवलेल्या भाताची पाकिटं मिळतात, मायक्रोवेव्हमध्ये दोन मिनिटं. घरून मेतकूट, लोणचं आणि दशम्या आणा. मी 17 वर्षांनीसुद्धा आणायला सांगते.

तुम्ही तिघं मासे खाता असं लिहिलंय, तर उन्हाळा तुमचाच. कोआयु हा बिवातला आयु मासा. नदीतला आयु मोठा होतो, तळ्यातला बोटभरच राहतो. त्याचं तेंपुरा, म्हणजे भजं, डोक्यासकट खातात, पोटाचा भाग किंचित कडू. बोंबील-मांदेली खाणाऱ्यांना काटा काढायचा प्रश्नच नाही. बिवामासु हा फक्त या तळ्यातला ट्राउट, उन्हाळ्यात तुपाळ होतो. कच्चा खायची हिंमत असेल तर जपानात त्यासाठी याहून चांगली जागा नाही. सेता-शिजिमी ही काळी छोटी शिंपली; इशियामादेरा देवळाच्या दारात तिचा भात मिळतो. तिसऱ्या आवडत असतील तर घ्याच. एबी-मामे म्हणजे तळ्यातली बारकी कोळंबी आणि सोयाबीन गोडसर शिजवून. ओमी-ग्यू नावाचं गोमांस इथलं फार प्रसिद्ध आहे. ज्यांना चालत नाही त्यांनी रस्त्यावरच्या ‘कोरोक्के’पासूनही सावध राहावं, वरून बटाटेवडा दिसतो आणि आत खिमा असू शकतो.

आणि फुनाझुशी. ही सांगितल्याशिवाय माझी लेखणी थांबणार नाही. आजच्या सुशीच्या आधीची सुशी ही. निगोरोबुना नावाचा तळ्यातला मासा वसंतात, पोटात अंडी असताना धरतात आणि मिठात दाबतात. ऐन उन्हाळ्यात, जुलैच्या शेवटी, तो काढून भातात पुरतात. दरवर्षी माझ्या शेजारच्या आजी त्यांच्या गॅरेजमध्ये हा कार्यक्रम करतात आणि मला बोलावतात. मीठ धुवायचं, ताराच्या घासणीने खवले चांदीसारखे होईस्तोवर घासायचे, मग माशाच्या तोंडातून बोटाने भात दाबत भरायचा. हात भाताला चिकटू नयेत म्हणून साके या तांदळाच्या दारूत बुडवायचे. लाकडी पिंपात एक थर भात, एक थर मासे. वर झाकण, झाकणावर दगड, आणि दुसऱ्या दिवशी झाकणावर पाणी, म्हणजे हवा आत जाणार नाही. आजी पाण्यात बोट बुडवून वास घेतात आणि काही न बोलता मान हलवतात. उन्हाच्या काहिलीनेच तो भात आंबतो. म्हणून हे काम उन्हाळ्याचं, आणि खाणं नवीन वर्षाचं किंवा त्याही पुढचं. चव? जुनं चीज, लोणच्याचा खार आणि कोळीवाड्यातली संध्याकाळ, एका पातळ कापात.

बाकी ठिकाणांबद्दल थोडक्यात. सकाळी इशियामादेरा: लवकर उघडतं, झाडांची दाट सावली, मधे वोलॅस्टोनाइट या खनिजाचे वाकडेतिकडे खडक, आणि 1194 सालचा दुमजली मनोरा, जपानमधला सर्वांत जुना. लेखिका मुरासाकी शिकिबूला ‘गेंजी’ या तिच्या कादंबरीची कल्पना 1004 साली इथे पौर्णिमेच्या चंद्राकडे बघताना सुचली अशी आख्यायिका आहे. पायऱ्या आहेत, सासूबाईंना खडकांपर्यंतच न्या. मिइदेरात 1602 सालची घंटा पैसे भरून एकदा वाजवता येते, ते मुलाचं काम. झेझे स्टेशनजवळ गिचूजी हे छोटंसं देऊळ, तिथे कवी बाशोची समाधी. 1694 साली तो ओसाकात वारला आणि त्याच्या इच्छेनुसार त्याला इथे आणलं. ‘बाशो’ म्हणजे केळीची जात, आणि अंगणात खरंच केळीचं झाड उभं आहे. सत्यनारायणाला बांधतात तसं, फक्त घड नाही.

मुलासाठी पोहायचं म्हणाल तर कोसेइ रेल्वेमार्गावरचं ओमी-माइको: पांढरी वाळू, पाइन झाडं, गोडं पाणी. डोळे चुरचुरत नाहीत. पण पश्चिम काठावर तळ एकदम खोल जातो, दरवर्षी माणसं बुडतात. लाइफ जॅकेटशिवाय कमरेच्या पुढे सोडू नका. ओबोननंतर पाण्यात उतरू नये असंही इथले जुने लोक म्हणतात. मी ते मानते असं नाही, पण 17 वर्षांत मीही उतरलेले नाही.

तर माझ्या हिशेबाने असं बसतं. 15 ला दुपारनंतर या, सामान टाका, संध्याकाळी धक्क्यावर बर्फाचा गोळा. मोहल्ल्यात बोन-नाच असेल तर थांबा. इथलं गाणं गोशू ओंदो, ‘योइतो योइयामाक्का, दोक्कोइसा-नो-से’ हा ठेका दहा मिनिटांत येतो आणि अनोळखी बायका तुम्हाला हात धरून रिंगणात ओढतात. 16 ला पहाटे तळं, मग थेट हिएइ आणि वरच जेवण, खाली येऊन झोप, रात्री क्योतो. 17 ला सकाळी इशियामादेरा, दुपारी काहीही नाही, खरंच काहीही नाही, आणि संध्याकाळी सेन्कोसाइ. 18 ला घंटा वाजवून निघा. पोहायचं असेल तर 17 ची सकाळ यजमान आणि मुलाला द्या.

गाड्यांचं मुलाला आधी सांगू नका, त्याला अचानक दिसू दे. क्योतोकडून केइहान रेल्वेच्या केइशिन मार्गाने आलात, तर एकच गाडी आधी भुयारी मेट्रो असते, मग वळणं घेत डोंगर चढते, आणि शेवटी हामा-ओत्सूच्या उतारावर भर रस्त्यात मोटारींच्या मधून धावते. चार डब्यांची, 66 मीटर लांब आगगाडी सिग्नलला थांबलेली. कामिसाकाएमाची स्टेशनच्या पुढे पहिल्या डब्यात, चालकाच्या मागे उभं करा त्याला.

हिएइवरच्या जेवणाचं आरक्षण फोनवर जपानीत करावं लागलं, तर तारखा पक्क्या झाल्यावर कळवा, मजकूर लिहून देते. आणि यजमानांना फुनाझुशी चाखायची हौस आलीच, तर दुकानात दोन काप घेऊन तिथेच खाऊ दे. पाकीट हॉटेलच्या खोलीत उघडू नका. सासूबाई शेजारच्या पलंगावर आहेत.